दहा बाय बाराचं माहेर

बदलापूरला समता सोसायटी कुठे म्हणून विचारलं, की पंच्याण्णव-शहाण्णव साली स्टेशनसमोरचा कुठलाही रिक्षावाला सांगायचा, "सरळ जायचं. दुसऱ्या मजल्यावर ग्रिलमधून दोन पाय बाहेर आलेले दिसतील. तीच बिल्डिंग." हे पाय रामभाऊंचे. बाकीचे रामभाऊ आत गॅलरीत निजलेले असायचे. गॅलरी साडेचार फुटांची आणि रामभाऊ पावणेसहा फुटांचे. हा हिशेब जुळेना, तेव्हा त्यांच्या मुलानं, म्हणजे धर्मराजनं, ग्रिलला बाहेरच्या अंगानं फूट-सव्वा फुटाचा लोखंडी खोका वेल्डिंग करून बसवला. धर्मराज अंबरनाथच्या कारखान्यात फिटर होता, तेव्हा काम पक्कं झालं. पावसाळ्यात त्या खोक्यावर प्लास्टिक बांधायचं, उन्हाळ्यात सोडायचं. म्हातारा सात वर्षं त्या गॅलरीत राजासारखा झोपला.

ही अक्कल मात्र धर्मराजची नव्हे. त्याच्या हातात वेल्डिंगची कांडी असली तरी डोकं होतं बायकोचं, वेणूचं. ही हकिकत तिचीच आहे.

वेणू जालन्याकडच्या एका खेड्यातून चौऱ्याहत्तर साली लग्न होऊन उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये आली. आई लहानपणीच गेलेली, बाप चुलत्याच्या आधारानं राहणारा. पाठवणीच्या वेळी रडायलासुद्धा घरची बाई नव्हती, शेजारणी रडल्या. कॅम्पात आल्यावर तिसऱ्याच महिन्यात ती लछमनदास सेठच्या कारखान्यात लागली. तिथे लहान मुलांचे बाबासूट शिवायचे. शिवणारे पुरुष, आणि घड्या घालून खोक्यात भरायला बाया. बाकीच्या बाया एका खोक्यात बारा सूट भरायच्या, वेणू पंधरा भरायची आणि वर झाकण असं बसवायची की बाहेर काढलेल्या सुटाला एक सुरकुती नाही. सेठ तिला म्हणायचा, "वेणूबाई, तू तो हाथी को भी डब्बे में डाल देगी, और ऊपर से बोलेगी, सेठ, अभी जागा आहे!"

वेणूला हे कौतुक वाटलं नाही. तिच्या मते ती साधी गोष्ट होती. जागा कमी कधीच नसते, घडी चुकलेली असते.

चौऱ्याऐंशी साली बदलापूरला घर घेतलं ते याच भरवशावर. दहा बाय बाराची एक खोली, त्याला लागून स्वयंपाकघर, मोरी-संडास घरात, आणि ती साडेचार फुटांची गॅलरी. घेतलं तेव्हा माणसं चार होती. वेणू, धर्मराज, आठ वर्षांची नीलिमा आणि तीन वर्षांची गौतमी. दोन वर्षांनी मधू झाला. एकोणनव्वदमध्ये रामभाऊ मोतीबिंदूच्या ऑपरेशनला म्हणून आठ दिवसांसाठी आले आणि डोळा चांगला दिसायला लागल्यावर त्यांना नातवंडं इतकी आवडली की परत जायचा विषयच त्यांनी काढला नाही. कोणी काढूही दिला नाही. वेणूनं त्या रात्री फक्त गॅलरीचं माप घेतलं.

घरात पलंग नव्हता. गाद्यांची चळत भिंतीला लावून वर चादर घातली की तो सोफा, आणि सोफा उलगडला की पाच जणांची झोप. पाट उभा केला की त्यावर इस्त्री, आडवा केला की मधूचं अभ्यासाचं टेबल. गौतमी दहावीचा अभ्यास ओट्यावर बसून करायची, पाय सिलिंडरवर. कोणाला कूस बदलायची असेल तर शेजारच्याला सांगून बदलावी लागे, आणि एकदा का एकानं बदलली की ओळीनं सगळ्यांना बदलावी लागायची. भांडणं व्हायची, पण रुसून जायला दुसरी खोलीच नव्हती, त्यामुळे ती फार टिकत नसत. समोरच्या ब्लॉकमध्ये सुहासिनीबाई आणि चिंतामणी जोशी, दोघंच राहायची. मुलगा अमेरिकेत. त्यांचीही खोली तेवढीच, पण त्यांना ती मोठी वाटायची. सुहासिनीबाई म्हणायच्या, "वेणू, तुझ्याकडे सहा माणसं, पण माझ्यापेक्षा तुझंच घर मोकळं दिसतं. काय करतेस तरी काय?"

"काय नाय हो. कोपरे मोजते."

असं सगळं छान चाललेलं असताना नीलिमाचं लग्न ठरलं आणि वेणूनं आयुष्यातली पहिली थाप मारली.

स्थळ सोनिवलीचं. मुलगा बबन अंबरनाथलाच कामाला, शांत, निर्व्यसनी. घरी एक विधवा आई, कौसाबाई, आणि चार खोल्यांचं कौलारू घर, पुढे अंगण, मागे विहीर. चार खोल्या ऐकून वेणूचे डोळे विस्फारले आणि आपल्या दहा बाय बाराची तिला पहिल्यांदा लाज वाटली. पाहण्याचा कार्यक्रम तिनं आपल्या घरी केलाच नाही. बिल्डिंगला रंग चालू आहे असं सांगून तो अंबरनाथला धर्मराजच्या मित्राच्या, शंकररावांच्या क्वार्टरवर केला. तिथे व्हरांडा होता. रंग बिल्डिंगला त्यानंतर तीन वर्षांनी लागला.

लग्न बुद्धविहाराच्या हॉलमध्ये झालं. कौसाबाईंचे गुडघे दुखायचे, त्यामुळे त्या वर्षभरात दोन मजले चढून आल्या नाहीत. बबन आला होता. पण पहिल्याच खेपेला त्याला वेणूच्या हातची बाजरीची भाकरी आणि सुकटाची चटणी मिळाली. खोली केवढी होती हे त्याला घरी जाऊन सांगता आलं नाही.

शहाण्णवच्या फेब्रुवारीत नीलिमाला सातवा लागला. डोहाळजेवण झालं आणि वेणू तिला न्यायला म्हणून सोनिवलीला गेली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही तर जगाची रीत. पण कौसाबाई पानाला चुना लावता लावता म्हणाल्या, "इहीनबाई, राग नका मानू. हितनं बदलापूर कितीसं हाय? हितं चार खोल्या हायेत, आंगन हाय, इहिरीचं पानी हाय. तुमीच या ना हितं राह्याला. पोरीला कशाला जिनं चढवायचं?"

बोलण्यात खोट काहीच नव्हती. कोणीही शहाणा माणूस हेच म्हणाला असता. पण वेणूला ते ऐकवेना.

त्याचं कारण जुनं होतं. नीलिमा झाली तेव्हा वेणू सरकारी दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी घरी आली होती. बाळंतिणीला तेल लावायला कोणी नाही, शेक द्यायला कोणी नाही. डिंकाचे लाडू तिनं स्वतःच वळले आणि एकटीनंच खाल्ले. बाराव्या दिवशी सेठचा माणूस सूट घरी टाकून गेला आणि ती मांडीवर पोर घेऊन घड्या घालायला बसली. त्या दिवशी तिनं त्या एवढ्याशा पोरीला सांगितलं होतं, "तुला मी सव्वा महिना झोपवणार हाय बघ. चहा झाला तरी उठवणार नाही." माहेर म्हणजे काय, हे तिनं कधी अनुभवलं नव्हतं. पण तिची व्याख्या पक्की होती. चहा झाला तरी जिथे कोणी उठवत नाही, ते माहेर.

वीस वर्षं तिनं हे मनात धरून ठेवलं होतं. आता हातची गोष्ट जात होती.

"नाही हो विहीणबाई," ती म्हणाली, "आमच्याकडे जागेला तोटा नाही. ऐसपैस आहे."

कौसाबाईंनी पान तोंडात टाकलं. "बरं तर. रविवारी मीच येतं पोरीला घेऊन. घर बगतं. जागा दिसली तर पोर ठेवीन, नायतर परत नेईन."

रविवार उजाडला. साडेपाचला नळाचं पाणी भरून झाल्याबरोबर वेणूनं पदर खोचला. गाद्या माळ्यावर. ट्रंका जोशांकडे. पाण्याचा पिंप जोशांकडे. मधूची दप्तरं, गौतमीच्या वह्या, रामभाऊंचा रेडिओ, रामभाऊंची काठी, शेवटी रामभाऊसुद्धा जोशांकडे. भिंतीवरच्या दोऱ्या सोडल्या, कपडे एका पोत्यात कोंबले, तेही जोशांकडे. धर्मराजला सांगितलं, "तुम्ही शंकररावांकडे जा, संध्याकाळपर्यंत तोंड दाखवू नका."

"अगं पण माझं घर आहे ना हे?"

"आजच्या दिवस नाही."

दहा वाजता खोलीत बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, भिंतीतलं कपाट, एक चटई, वर पंखा आणि कोपऱ्यात पाण्याचा तांब्या, एवढंच उरलं. वेणू उंबऱ्यात उभी राहून बघत राहिली. एवढ्या वर्षांत तिला आपल्याच घराची फरशी पहिल्यांदा अख्खी दिसली. हिरवट होती. मधोमध एक तडा होता.

कौसाबाई नीलिमाचा हात धरून, पायरी-पायरीला थांबत वर आल्या. "जय भीम" झालं, पाणी झालं. मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली. नीलिमानंही फिरवली आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. वेणूनं तिला डोळ्यांनी दटावलं.

"बाकीची मान्सं?" कौसाबाईंनी विचारलं.

वेणूचं उत्तर तयार होतं. "सासरे गावाला गेलेत, जालन्याला. पोरांची परीक्षा, म्हणून ती झोपायला-अभ्यासाला समोर असतात. आणि ह्यांना महिनाभर रात्रपाळी. रात्री काय, मी आणि नीलिमा, दोघीच."

कौसाबाईंनी मान डोलावली. खोलीत एक चक्कर मारली. गॅलरीत डोकावून आल्या. मग चटईवर बसल्या आणि म्हणाल्या, "लय झ्याक. मोकळंढाकळं हाय. पोर ऱ्हाऊ द्या हितं."

वेणूच्या जिवात जीव आला.

"आन जागा हाय तर मग मी पन ऱ्हातं. बाळंतपन होईपर्यंत. खाली रिक्षात माजी पेटी हाय, कोनाला तरी धाडा."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं म्हणतात. इथे बैल नव्हता, पण घर मात्र वेणूनं स्वतःच्या हातानं रिकामं करून ठेवलं होतं. आता जागा नाही म्हणायची सोयच उरली नव्हती. तिनं हसून मान हलवली आणि पेटी आणायला स्वतःच खाली गेली. जिन्यात बसून दोन मिनिटं कपाळाला हात लावला. मग पेटी उचलली.

पुढचे नऊ दिवस समता सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर जे चाललं ते नाटकाच्या तालमीतही चालत नाही. धर्मराजला खरी पहिली पाळी होती. तो बिचारा रोज संध्याकाळी डबा घेऊन रात्रपाळीला म्हणून निघायचा, अंबरनाथला शंकररावांच्या व्हरांड्यात झोपायचा, तिथूनच सकाळी खऱ्या पाळीला जायचा आणि दुपारी चारला घरी उगवायचा. कौसाबाई हळहळायच्या. "काय वो ही रात्रपाळी! रात्री जायाचं ते दुसऱ्या दिशी चारला सुटका? मान्साला मारतील मेले!" आणि त्यांनी धर्मराजला रोज एक उकडलेलं अंडं जास्त द्यायला सुरुवात केली. धर्मराजला ही रात्रपाळी फारशी वाईट वाटेनाशी झाली.

गौतमी आणि मधू जोशांकडून फक्त आंघोळीला आणि जेवायला यायची. मधूला घरात आल्यावर दर वेळी "पाहुण्यासारखा बस" म्हणून ताकीद असायची. एकदा तो खरोखरच "काकू, पाणी मिळेल का?" म्हणाला आणि वेणूनं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

खरी पंचाईत रामभाऊंची. ते अधिकृतपणे जालन्यात होते. त्यामुळे दिवसभर त्यांना जोशांच्या दाराबाहेर पडायची बंदी. चिंतामणी जोशी त्यांना पेपर वाचून दाखवायचे, सुहासिनीबाई त्यांच्यासाठी तिखट पिठलं करायला शिकल्या. पण म्हातारा झुरायला लागला.

"काय होतंय मामा?" वेणूनं चोरून जाऊन विचारलं.

"झोप नाही लागत पोरी. जोशीबुवाचं घर चांगलं हाय. पण म्हया पायाला वारं लागत नाही."

इकडे घरात मात्र, वेणूला कबूल करणं जड जात होतं, पण मजा येत होती. कौसाबाई तोंडानं फटकळ आणि हातानं गोड. नीलिमाला त्या कुठल्या कामाला हात लावू देत नसत. दुपारी तिघी ओळीनं निजायच्या आणि कौसाबाई सोनिवलीच्या लोकांच्या अशा नकला करायच्या की नीलिमाला पोट धरून "आत्या, बास, बास" म्हणावं लागायचं. चार वाजले की वेणू चहा करायची. नीलिमा झोपलेली असली तर तिच्या वाट्याचा झाकून ठेवायची. कौसाबाई ते बघायच्या.

दहाव्या दिवशी दुपारी वेणू नीलिमाला तपासायला दवाखान्यात घेऊन गेली. कौसाबाई कोथिंबीर आणायला खाली उतरल्या. बिल्डिंगसमोर जनाबाई भाजी घेऊन बसायची. कोथिंबीर घेतली, पैसे दिले, पिशवी सावरली आणि कौसाबाईंनी सहज वर पाहिलं. दुसऱ्या मजल्यावर, त्या जिथून आत्ताच उठून आल्या होत्या त्या घराच्या गॅलरीतून, दोन पाय बाहेर आले होते. काळेसावळे, भेगाळलेले, निवांत. मधेच उजव्या पायानं डावा पाय खाजवला.

"गं बया! चोर!"

जनाबाईनं वर बघितलंसुद्धा नाही. "चोर कुठला? रामभाऊ हायेत ते. वेणूताईचे सासरे. सात वर्सं झाली, तिथंच असतात. आठ-धा दिवस दिसले नव्हते, मला वाटलं आजारी पडले."

"ते गावाला हायेत ना?"

"कुठलं गाव? सहा मान्सांचं घर ते, आख्ख्या बदलापूरला ठाऊक. आता ती पोर लग्न होऊन गेली म्हणून पाच."

वेणू नीलिमाला घेऊन परत आली तेव्हा दार उघडंच होतं. खोलीच्या मधोमध चटईवर कौसाबाई बसलेल्या. समोर त्यांची पेटी. गॅलरीत रामभाऊ मान खाली घालून बसलेले. दुपारी घरात कोणी नाही असं समजून ते आपल्या जागेवर तासभर पडायला आले होते आणि दहा दिवसांची झोप एकदम लागली होती.

वेणूला काही विचारावं लागलं नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली.

"खोटं बोलले मी," ती म्हणाली. "जागा नाही आमच्याकडे. पाच माणसं आहोत आणि पाचही इथंच झोपतो. हे शंकररावांच्या व्हरांड्यात झोपतात दहा दिवस झाले. तुम्ही पोरीला न्याल म्हणून बोलले." मग तिला थांबता येईना. दवाखान्यातला तिसरा दिवस सांगितला, बारावा दिवस सांगितला, मांडीवरची पोर आणि सेठचे सूट सांगितले. "मला आई नव्हती, विहीणबाई. मला कोणी झोपवलं नाही. मला वाटलं, हिला तरी झोपवावं. एवढंच." डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तिनं ते पुसलं नाही. "न्यायचं तर न्या. तुमचं बरोबर आहे. तिथं जागा आहे."

नीलिमा आईजवळ जाऊन बसली. तिला सासू आणि आई दोघींकडे बघवेना.

कौसाबाई पेटीच्या कडीशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "जागेचं मला नका सांगू. चार खोल्या हायेत माज्याकडं. एकीत मी निजतं. एकीत बबन, तो बी पाळीवर गेला की ती रिकामी. दोन खोल्या मी रोज झाडतं. कोन मळवत नाय, तरी झाडतं. नीलिमा आली तवापासून घरात कोन बोलायला हाय. ती हितं तीन महिने आली तर मी भिंतीसंगं बोलू? म्हनून सांगलं मी, हितंच बाळंतपन करा. जिन्याचं नाव केलं. मी पन खोटंच बोललं, इहीनबाई."

गॅलरीतून रामभाऊ हळूच म्हणाले, "मंग आता म्या हितं झोपू का जोशाकडं जाऊ?"

आधी नीलिमा हसली. मग कौसाबाई. वेणू रडत रडतच हसायला लागली.

"झोपा वो तुमी," कौसाबाई म्हणाल्या. "पाय भायेरच ठेवा. नायतर लोकान्ला पत्ता कसा गावनार?" मग वेणूकडे वळून जरा चाचरत म्हणाल्या, "मी पेटी भरली नाय हो. रिकामीच हाय. तुमाला अडचन होत नसल तर मी ऱ्हातं. माज्यापुरती कशी घडी घालायची ती सांगा."

वेणूनं डोळे पुसले, उठली, आणि खोलीकडे नव्या नजरेनं बघितलं. "तुम्ही आणि नीलिमा पंख्याखाली. मधू ओट्याखाली, तिथं त्याला आवडतं. गौतमी दाराशी आडवी. मी मोरीच्या बाजूला. आणि ह्यांना," ती क्षणभर थांबली, "ह्यांना ओट्यावर झोपवते. गॅस खाली उतरवून ठेवू."

त्या रात्री सगळं घर घरी आलं. धर्मराजला रात्रपाळी सुटल्याचं थोडं वाईट वाटलं, कारण अंडं बंद होईल अशी भीती होती. कौसाबाईंनी ते चालू ठेवलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात नीलिमाला मुलगी झाली. दवाखान्यातून चौथ्या दिवशी घरी आली आणि वेणूनं वीस वर्षांपूर्वी दिलेला शब्द पाळायला घेतला. सकाळी तेल, मग कढत पाण्याची आंघोळ, मग ओव्याची धुरी, मग शेक, मग झोप. कौसाबाई बाळाला न्हाऊ घालायच्या, वेणू बाळंतिणीला. दोघींची त्यावरून रोज भांडणं व्हायची, की तेल जास्त गरम कुणी केलं, आणि बाळाचं नाक कुणी ओढायचं. चार वाजता चहा व्हायचा. नीलिमाला कोणी उठवायचं नाही.

बारशाला पाळणा आला तो सोनिवलीहून. बबन ज्यात झोपला होता तोच, शिसवी, जड. टांगायचा कुठे? अख्ख्या घरात छताला एकच हूक, पंख्याचा. ऐन मे महिन्यात धर्मराजनं पंखा उतरवला आणि पाळणा चढवला. लछमनदास सेठनं कारखान्यातला टेबलफॅन धाडला, सोबत दोन डझन बाबासूट. खोकं वेणूनंच मागे कधी तरी भरलेलं असावं, कारण त्यात दोन डझनांच्या ऐवजी तीस निघाले. पाळणा गॅलरीच्या बाजूला झुलवला तर कपाटाला आपटायचा, म्हणून तो फक्त दारापासून मोरीकडेच हलवायचा असा नियम झाला. त्रिसरण-पंचशील झालं. जिन्यापर्यंत माणसं उभी होती, जोशांच्या घरात पंगत बसली होती. बबनला बहीण नव्हती, म्हणून कौसाबाईंनीच बाळाच्या कानात नाव सांगितलं, विशाखा. आपल्याच आवाजानं त्यांना भरून आलं. दाराशी उभ्या असलेल्या माणसानं झोका दिला की मोरीजवळचा तो परत पाठवायचा. अशी ती पोर सव्वा महिना सगळ्या घराच्या हातातून झुलली.

मग जायचा दिवस आला. कौसाबाईंनी पेटी भरली. वेणूनं नीलिमाची ओटी भरली. रिक्षात बसताना त्या वेणूला म्हणाल्या, "पंधरा आगस्टला लागून सुट्टी हाय ना? चार दिवस या. एकट्याच. घड्या घालायला नका येऊ, ऱ्हायला या."

वेणू हो म्हणाली आणि घरी येऊन विसरली. पण कौसाबाई विसरल्या नाहीत. चौदा ऑगस्टला बबन न्यायलाच आला. धर्मराज म्हणाला, "जा. आम्ही काय मरत नाही." गौतमीनं पोळ्या करते म्हणून सांगितलं. रामभाऊ ग्रिलमधून पाय हलवून टाटा करत होते.

पहिल्या दिवशी सोनिवलीला वेणूला काही सुचेना. सकाळी साडेपाचला ती नळाला पाणी आलं म्हणून उठून बसली. तिथे नळ नव्हता. तिनं नीलिमाचे कपडे आवरले, विशाखाचे लंगोट आवरले, मग कौसाबाईंच्या मडक्यांची उतरंड नीट लावली. कौसाबाईंनी हाताला धरून तिला उठवलं आणि मधल्या खोलीत चटई टाकून दिली. "पडा जरा."

दुपारचं जेवण झालेलं होतं. कौसाबाई थोड्या वेळानं दारातून जाताना डोकावल्या. एवढी मोठी खोली, आणि वेणू पार भिंतीला चिकटून, गुडघे पोटाशी घेऊन, हात छातीशी दुमडून, पदर अंगाखाली दाबून पडली होती. दीड फरशी अडली असेल तेवढीच. डोळे मिटलेले होते, पण झोप नव्हती.

कौसाबाई आत आल्या. खाली बसल्या. इहीनबाई म्हणाल्या नाहीत.

"वेणू," त्या म्हणाल्या. "अगं, पाय पसर."

वेणूनं डोळे उघडले. तिला हे आजवर कोणी म्हटलं नव्हतं. तिनं आधी एक गुडघा सोडला, मग दुसरा. सवयीनं थांबली. पाय अजून पुढे नेले. कपाट लागलं नाही, मधूचं डोकं लागलं नाही, कोणी "आई, सरक ना" म्हणालं नाही. पाय कशालाच लागले नाहीत. तिचं तोंड भिंतीकडे होतं म्हणून कौसाबाईंना डोळे दिसले नाहीत, पण खांदे हलले ते दिसले. त्यांनी तिच्या पायावर नऊवारीचं जुनं पांघरूण घातलं आणि उठून गेल्या.

चार वाजले. चुलीवर चहा उकळला. नीलिमानं चार कप मांडले, एकावर बशी झाकली. विशाखा झोपेतून उठून रडली, तिला कौसाबाईंनी अंगणात नेलं. मधल्या खोलीत वेणू पाय पसरून घोरत होती. चहा झाला तरी तिला कोणी उठवलं नाही.